मालकाची डायरी, मेरीची जबानी

मागच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यास मंडळात एका पोरानं भाषण ठोकलं. पोरगं हुशार, आवाज खडा. विषय होता गुलामगिरी आणि अस्पृश्यता. बोलता बोलता तो म्हणाला, ‘गुलाम आपल्यापेक्षा बरा होता. त्याला निदान मालक तरी होता. मालकानं पैसे मोजलेले असायचे, म्हणून तो त्याला खायला तरी घालायचा.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आलो आणि ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचायला लागलं. ज्या गुलामाला आपण इतक्या सहज ‘बरा’ म्हणून मोकळे झालो, त्याचं काय झालं ते आपल्यापैकी कुणी वाचलंय का?

म्हणून वाचायला बसलो. इंग्रजी माझं बेताचंच. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. वेस्ट इंडीजच्या साखरमळ्यांवर ढीगभर पुस्तकं आहेत. त्यातली दोन मी इथं समोरासमोर ठेवतोय. एक मालकाच्या बाजूच्या माणसानं लिहिलेलं, एक गुलाम बाईनं सांगितलेलं. त्या दोन पुस्तकांतून आपल्या लिहिण्याबद्दलही काही प्रश्न उभे राहतात, ते शेवटी मांडतो.

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं लॉइड, रिचर्ड्स, मार्शल येतात. काळ्या पोरांनी गोऱ्यांचा खेळ गोऱ्यांच्याच बोडक्यावर हाणला, म्हणून ते आपल्याला आपले वाटतात. पण काळी माणसं त्या बेटांवर आली कशी? ती तिथली नव्हतीच. मार्शलचं बार्बाडोस, रिचर्ड्सचं अँटिग्वा, ही बेटं म्हणजे दीड-दोनशे वर्षं नुसते उसाचे फड होते. आणि कन्हाय, कालीचरण ही नावं तर आपल्याच मुलखातली. ती गयानात कुठून उगवली? तीही उसामागंच गेली. त्यावर पुढं येतो.

ऊस आपल्याला नवा नाही. पण तिथला ऊस समजून घ्यायचा तर शेत विसरावं लागतं आणि कारखाना डोळ्यांपुढं आणावा लागतो. १६४० नंतर इंग्रजांनी बार्बाडोसवर ऊस लावला. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज तो आधीच लावत होते, तिथलं तंत्र उचललं. वीस-पंचवीस वर्षांत बेटावरचं रान साफ झालं, तंबाखू-कापसाचे छोटे शेतकरी हटले, मोठे मळे उभे राहिले, आणि मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून जहाजं भरभरून माणसं आणली गेली. १६६१ मध्ये बार्बाडोसच्या गोऱ्यांनी गुलामांसाठी कायदा केला. जमैका आणि अँटिग्वाच्या गोऱ्यांनी पुढं तोच नमुना घेतला. मनुस्मृती काय फक्त संस्कृतातच लिहिली जाते असं नाही.

उसाचं एक अवघड असतं. तोडला की दिवस-दोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो. म्हणून जानेवारीपासून मे-जूनपर्यंत हंगामात चरक रात्रंदिवस फिरायचा. उभे तीन रूळ, वारा नाहीतर पाणी नाहीतर जनावरं ते फिरवायची, आणि माणूस हातानं ऊस आत सारायचा. रात्रपाळीत डोळा लागला, बोटं आत गेली, की बोटांमागून हात आणि हातामागून माणूस. म्हणून चरकाशेजारी धारदार कुऱ्हाड ठेवलेली असायची. अडकला तर हात तोडायचा आणि चरक चालू ठेवायचा. व्हॉल्तेअरनं १७५९ साली ‘कांदीद’ लिहिलं, त्यात सुरिनामचा एक हात-पाय तुटलेला गुलाम येतो. तो काही कल्पनेतून आला नव्हता.

चरकाच्या पलीकडं काहिलींची ओळ. मोठ्या काहिलीतून छोटीत, छोटीतून आणखी छोटीत रस आटवत न्यायचा, चुना टाकायचा, मळी निथळू द्यायची. आपल्याकडं गुळव्या जसा काहिलीकडं नुसतं बघून पाक ओळखतो, तसा तिथला काळा कारागीर ओळखायचा. कसब त्याचं. साखर मालकाची. गोडी लंडनच्या चहाला. शेतातल्या टोळ्यांत तर अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी जमैकात बायाच जास्त होत्या. खड्डे खणणं, शेण वाहणं, ऊस तोडणं हे सगळं बायांच्या अंगावर. पोरांची वेगळी टोळी, तण काढायला.

आता पहिलं पुस्तक.

थॉमस थिसलवुड हा इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. १७५० साली जमैकात उतरला. वेस्टमोरलंड भागात ‘इजिप्त’ नावाच्या साखरमळ्यावर मुकादम झाला. पुढं स्वतःची जमीन घेतली, स्वतःचे गुलाम घेतले. १७८६ साली मेला. मरेपर्यंत तो रोज डायरी लिहायचा. ३७ वह्या, सुमारे १४,००० पानं. २०११ पासून त्या अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. जमैकाचे इतिहासकार डग्लस हॉल यांनी १९८९ साली त्यातले निवडक उतारे पुस्तकात आणले, आणि तेव्हापासून ही डायरी जगाला माहीत झाली.

काय आहे या डायरीत? पाऊस किती पडला. बागेत काय पेरलं. विलायतेहून कुठली पुस्तकं मागवली. कुणाला किती फटके मारले. आणि आज कुठल्या बाईला, कुठं. ते तो मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये लिहितो. ट्रेव्हर बर्नार्ड या इतिहासकारांनी सगळ्या नोंदी मोजल्या. १३८ बाया. ३,८५२ वेळा. जवळपास सगळ्या गुलाम. त्यांनी नाही म्हणायचं कुठं आणि कुणाला?

१७५६ सालची एक नोंद आहे. डर्बी नावाच्या गुलामानं कोवळा ऊस खाल्ला. ऊस त्यानंच लावलेला, त्यानंच खुरपलेला. मुकादमानं त्याला फटके मारले आणि दुसऱ्या गुलामाला त्याच्या तोंडात हगायला लावलं. ही शिक्षा त्यानं पुढं इतरांनाही दिली. इतिहासकार तिला ‘डर्बीचा डोस’ म्हणतात. इथं मी पुस्तक मिटलं. आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. माणसाच्या तोंडात विष्ठा कोंबल्याच्या बातम्या आपण आपल्याच देशातल्या वाचल्यात. जुलूम करणारे एकमेकांना भेटलेले नसतात, समुद्र मध्ये असतो, तरी त्यांची बुद्धी बरोबर त्याच जागी जाते. उपाशी माणसाचं तोंड आणि त्याची माणूस म्हणून असलेली लाज, या दोन्हींवर एकदमच घाव.

या डायरीवर लिहिणारे म्हणतात, माणूस कसा का असेना, पण लिहितो प्रामाणिकपणे. आपल्याकडच्या समीक्षकांनाही प्रामाणिकपणा हा फार मोठा गुण वाटतो. मला हे पटत नाही. थिसलवुड प्रामाणिक नाही, तो बिनधास्त आहे. लपवायला कारण लागतं, भीती लागते. त्याला भीतीच नव्हती. लाज नसणं आणि प्रामाणिक असणं यांत फरक आहे. प्रामाणिक माणूस स्वतःला एकदा तरी विचारतो की मी हे काय करतोय. मी वाचलेल्या नोंदींत हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

डायरीत फिबा नावाची एक गुलाम बाई आहे. ती त्याच्याबरोबर आयुष्यभर राहिली. त्याच्यापासून तिला मुलगा झाला. ती शिवणकाम करायची, जनावरं पाळायची, पैका गाठीला बांधायची, आणि खुद्द या गोऱ्याला उसने पैसे द्यायची. मरताना त्यानं मृत्युपत्रात तिच्या सुटकेची तजवीज केली. इतकी कर्ती बाई. सदतीस वह्यांत तिचं नाव सारखं येतं. पण तिच्या हातची एक ओळ नाही. तिनं त्याच्यावर प्रेम केलं की दिवस काढले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. १४,००० पानं लिहूनही एका माणसाचं तोंड बंद ठेवता येतं, हे मला या डायरीनं शिकवलं.

दुसरं पुस्तक अगदी छोटं आहे. लंडनमध्ये १८३१ साली निघालं. सांगणारी बाई मेरी प्रिन्स. काळ्या गुलाम बाईची जीवनकथा म्हणून ब्रिटनमध्ये छापलं गेलेलं हे पहिलं पुस्तक. त्याच वर्षात तीन आवृत्त्या निघाल्या.

मेरी १७८८ च्या सुमारास बर्म्युडात जन्मली. बाराएक वर्षांची असताना मालकानं तिला आणि तिच्या बहिणींना बाजारात विकायला काढलं. आईलाच पोरींना घेऊन बाजारात जावं लागलं. आई सकाळी पोरींना नवे कपडे चढवते, आणि कफन चढवल्यागत तिचा हात कापतो. बाजारात मेरीचा लिलाव पहिला. ५७ पौंड. बहिणी वेगवेगळ्या घरी. या सगळ्या प्रसंगात मेरी एकही मोठा शब्द वापरत नाही. आपल्या कवींनी हा भाग जरूर वाचावा. ‘वेदना’, ‘अंधार’, ‘ज्वालामुखी’ असलं काही नाही. गिऱ्हाईक तिला कसं वळवून वळवून बघतं, जित्राब बघितल्यागत, तेवढं ती सांगते. पुरे होतं.

पुढच्या घरी हेटी नावाची गुलाम बाई होती. पोटुशी. गाय सुटली म्हणून मालकानं तिला बांधून इतकं मारलं की मेलेलं पोर जन्मलं. काही दिवसांनी हेटीही गेली. तिची कामं मेरीच्या अंगावर आली. मग मेरीला टर्क्स बेटावर मिठागरात पाठवलं. पहाटे चारपासून खारट पाण्यात गुडघाभर उभं राहायचं. पायांना फोड, फोड हाडापर्यंत. दहाएक वर्षं हे चाललं. त्यानंतर अँटिग्वा, जॉन वुड नावाच्या मालकाकडं धुणीभांडी, पोरं सांभाळणं. म्हणजे मेरी उसाच्या फडातली बाई नव्हे, हे मान्य. पण त्या समुद्रातला सगळा व्यवहार साखरेभोवती फिरायचा, आणि तिचं आयुष्यही त्याच व्यवहाराच्या कडेला घासलं गेलं.

अँटिग्वात मालक बाहेरगावी गेला की मेरी परक्यांची धुणी धुवायची, जहाजवाल्यांना कॉफी, कंदमुळं विकायची. पैसे साठवले, स्वतःला विकत घ्यायला. मालकाला म्हणाली, किंमत सांगा. तो सांगेचना. तिनं १८२६ साली डॅनियल जेम्स नावाच्या मोकळ्या काळ्या माणसाशी लग्न केलं, तर लग्न केलं म्हणून फटके. १८२८ साली वुड तिला घेऊन लंडनला आला. लंडनमध्ये ती मालकाचं घर सोडून रस्त्यावर आली आणि गुलामीविरोधी संस्थेच्या दारात गेली. इंग्लंडच्या भूमीवर तिला कुणी जबरदस्तीनं परत पाठवू शकत नव्हतं. पण अँटिग्वात नवऱ्याकडं परतली, की पुन्हा गुलाम. स्वातंत्र्य इथं, नवरा तिथं. वुडनं शेवटपर्यंत तिची मुक्ती दिली नाही.

संस्थेचे चिटणीस थॉमस प्रिंगल. मेरी त्यांच्या घरी कामाला राहिली. तिनं सांगितलं, सुझाना स्ट्रिकलंड नावाच्या तरुण बाईनं उतरवून घेतलं, प्रिंगलनं संपादन केलं. भली माणसं होती, यात शंका नाही. प्रिंगलनं मेरीसाठी कोर्टकचेरी सोसली, पैसे घातले. पण पुस्तक उघडून बघा. मेरीच्या जबानीच्या पुढंमागं गोऱ्यांची पानंच पानं. प्रस्तावना गोऱ्याची, पुरवणी गोऱ्याची, चारित्र्याचे दाखले गोऱ्यांचे. बर्मिंगहॅमच्या गुलामीविरोधी बायकांनी पत्र पाठवून विचारलं, फटक्यांचे वळ खरोखर आहेत का? मग प्रिंगलच्या बायकोनं आणि इतर बायांनी मेरीची पाठ उघडी करून बघितली आणि लेखी दिलं की आहेत. तिसऱ्या आवृत्तीत ते पत्र छापलं. हे पुस्तकाच्या मित्रांनी केलं, शत्रूंनी नव्हे. बाईनं तोंडानं सांगितलेलं पुरेना, पाठ दाखवावी लागली.

शत्रूंनी तर तिला वेश्याच ठरवलं. जेम्स मॅक्वीन नावाच्या मळेवाल्यांच्या वकिली लेखकानं ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये तिच्यावर चिखल फेकला. खटले झाले. १८३३ साली वुडनं प्रिंगलवर भरलेल्या खटल्यात मेरी साक्षीला उभी राहिली. तिथं एक गोष्ट बाहेर आली. लग्नाआधी ती एका कॅप्टनबरोबर काही वर्षं राहत होती. ती म्हणाली, हे मी स्ट्रिकलंडबाईंना सांगितलं होतं. पुस्तकात ते नाही. छापील पुस्तकात एवढंच आहे की मिठागराचा मालक उघडा होऊन तिला अंघोळ घालायला लावायचा आणि ते तिला फटक्यांहून वाईट वाटायचं. त्यापुढं पडदा.

का गाळलं? कारण चळवळीला ‘चांगली’ बाई हवी होती. इंग्लंडच्या चर्चमधल्या बायकांना सहीसाठी अर्ज द्यायचा, तर अर्जावरची बाई निष्कलंक पाहिजे. जिला शरीर स्वतःच्या मालकीचं नाही, तिच्याकडून शील मागितलं. खटल्याचा निकाल वुडच्या बाजूनं लागला, प्रिंगलला भरपाई द्यावी लागली. जे झाकलं त्यानंच शेवटी शत्रूच्या हातात काठी दिली. आणि १८३३ नंतर मेरी कागदपत्रांतून नाहीशी होते. नवऱ्याकडं पोचली का, कुठं मेली, पत्ता नाही.

दोस्तहो, आता हा आरसा आपल्याकडं फिरवतो. १९७८ साली ‘बलुतं’ आलं तेव्हा बाहेरच्यांनी डोक्यावर घेतलं, आणि आपल्यातलेच काही म्हणाले, घरातली लक्तरं चव्हाट्यावर कशाला मांडली? बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं आणि वर्षानुवर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं. गावानं केलेला जुलूम त्यात आहे, घरातल्या बायांचे हालही आहेत. तरी स्वतःच्या संसाराबद्दल त्या पुस्तकात फार बोलल्या नाहीत, ते पुढं मुलाखतीत बोलल्या. त्या वह्या ज्यांच्यापासून लपवाव्या लागल्या ते सवर्ण नव्हते. ते आपण होतो. चळवळीला अडचण होईल म्हणून बाईचं अर्धं आयुष्य गाळायचं, हे प्रिंगलनं केलं तसं आपणही करतो. प्रिंगलकडं तर चांगला हेतू होता. तो आपल्याकडंही असतो. म्हणूनच सांगतोय.

आता त्या पोराच्या वाक्याकडं.

तो मुद्दा त्याच्या मनचा नव्हता. बाबासाहेबांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना केली आहे, ती १९८९ साली त्यांच्या समग्र इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आली. त्यात ते रोमचे दाखले देऊन म्हणतात की गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून त्याच्या जिवाची, तब्येतीची काळजी घेण्यात मालकाचा फायदा होता. अस्पृश्याच्या जिवाची काळजी घेण्यात कुणाचाच फायदा नाही. मी हे अनेकदा व्यासपीठावरून सांगितलंय. पण साखरेच्या बेटांचे आकडे वाचल्यावर मला थांबावं लागलं.

बार्बाडोस या एवढ्याशा बेटावर आफ्रिकेतून पाच लाखांच्या जवळपास माणसं उतरवली गेली. काही पुढं दुसऱ्या बेटांवर विकली गेली, हे धरलं तरी १८३४ साली मुक्तीच्या वेळी तिथं उरले सुमारे ८३ हजार गुलाम. जमैकात दहा लाखांच्या आसपास उतरवले, उरले सुमारे ३ लाख ११ हजार. उलट, उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आफ्रिकेतून थेट आणलेले चार लाखांच्या आत, आणि १८६० साली गुलामांची संख्या ४० लाखांच्या जवळ. म्हणजे साखरेनं माणसं खाल्ली. पोर जन्माला घालून वाढवण्यापेक्षा नवा गुलाम विकत घेणं स्वस्त, हा तिथल्या मालकांचा सरळ हिशेब होता. मालमत्ता असणं त्यांना वाचवू शकलं नाही. बैल महाग असेल तर शेतकरी बैल जपतो. जहाज दर महिन्याला नवे बैल उतरवत असेल तर जपत नाही.

मग बाबासाहेब चुकले का? असं म्हणून टाळी घेणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. मालमत्तेमुळं जीव जपला जातो, हे रोममधून काढलेलं अनुमान साखरेच्या बेटांवर लागू पडत नाही, एवढं मी छातीठोक म्हणतो. बाबासाहेबांनी आपल्याला पोथी दिली नाही, विचार करायची पद्धत दिली. पण त्यांचा मूळ मुद्दा याहून खोल आहे. गुलामी उघडी असते, अस्पृश्यता झाकलेली असते. ज्याला आपण बांधलेले आहोत हेच दिसत नाही, तो बंड कुणाविरुद्ध करणार? आणि या मुद्द्याला वेस्ट इंडीजच्या साखरेच्या इतिहासातच एक पुरावा सापडतो. एक साखरदाणी.

१७९१ साली इंग्लंडमध्ये गुलामांच्या हातच्या साखरेवर बहिष्काराची चळवळ निघाली. विल्यम फॉक्सच्या पत्रकानं हजारो घरांनी साखर टाकली. १८२० नंतर ती लाट पुन्हा उठली, बायकांनी ती घरोघर नेली. त्या वेळी चिनी मातीच्या साखरदाण्या विकायला आल्या. त्यांवर सोनेरी अक्षरांत मजकूर असायचा की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. ईस्ट इंडिया म्हणजे कोण? आपणच. हिंदुस्थानची साखर खाल्ली की पाप लागत नाही, असा दाखला.

मला त्या साखरदाणीनं झोप लागू दिली नाही. कारण त्याच हिंदुस्थानात तेव्हा गुलामी कायद्यानं चालू होती. कंपनी सरकारनं तिला कोर्टाचा आधार काढून घेतला तो १८४३ च्या पाचव्या कायद्यानं. मलबारात पुलय, चेरुमा जमिनीबरोबर विकले जायचे. आणि ज्यांना कुणी ‘गुलाम’ म्हणत नव्हतं, त्या गावकुसाबाहेरच्या माणसांचं काय? ऊस लावणाऱ्याची, पाणी पाजणाऱ्याची जात लंडनमधल्या त्या भल्या बाईनं विचारली नाही, कारण तिला विचारायला शब्दच नव्हता. कॅरिबियनमधली साखळी तिला दिसली, कारण ती लोखंडाची होती. आपली साखळी धर्माची, ती साखरदाणीवर ‘गुलामांनी केलेली नाही’ म्हणून सोनेरी अक्षरांत छापली गेली. इथं बाबासाहेब शंभर टक्के बरोबर ठरतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तागडी घेऊन बसू नका. गुलाम बरा की अस्पृश्य, हे तोलण्यात आपण एका मेलेल्या बाईचा वळ हलका ठरवतो आणि आपल्या हाती काही लागत नाही. फरक ओळखा. एकाला जिवंत गिळलं, दुसऱ्याला झाकून ठेवलं. दोन्हीकडं फायदा कुणाचा झाला ते शोधा.

फायदा शोधायला तिथल्याच दोन माणसांनी शिकवलं. दोघेही त्रिनिदादचे. सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८ साली ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ लिहून सांगितलं की हैतीच्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं आणि फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत स्वतः जिंकून १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र केली. कुणी त्यांना मुक्ती बहाल केली नाही. एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ लिहून इंग्रजांच्या दयाबुद्धीची टिमकी फोडली. साखरेच्या पैशानं इंग्लंडचे कारखाने उभे राहायला बळ मिळालं, आणि गुलामी मोडली ती तिचा नफा आटल्यावर, असं ते म्हणतात. दुसऱ्या भागावर वाद आहे. सीमोर ड्रेशर यांनी १९७७ साली आकडे मांडून दाखवलं की व्यापार बंद केला तेव्हा साखर तोट्यात नव्हती. मला विल्यम्स यांची उणीव वेगळीच वाटते. त्यांच्या पुस्तकात जहाजं आहेत, बँका आहेत, पार्लमेंट आहे. मेरीसारखी बाई नाही. हिशेब चोख आहे, पण ज्याचा हिशेब त्याचा आवाज ऐकू येत नाही.

हिशेब मात्र लक्षात ठेवावा असाच. १८३१ च्या नाताळात जमैकाच्या हजारो गुलामांनी काम टाकलं, मळे पेटवले. पुढारी सॅम शार्प याला १८३२ साली फाशी दिली. दोन वर्षांत, १ ऑगस्ट १८३४ ला, ब्रिटिश वसाहतींत मुक्तीचा कायदा लागू झाला. भरपाई म्हणून सरकारनं २ कोटी पौंड दिले. कुणाला? मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनच्या करदात्यांनी २०१५ साली फेडला. गुलामांना काय दिलं? ‘उमेदवारी’ या नावाखाली आणखी चार वर्षांचं फुकट काम. हैतीलाही फ्रान्सनं १८२५ साली भरपाई भरायला लावली, म्हणजे गुलामांनी स्वतःच्या सुटकेबद्दल मालकांना पैसे मोजले. त्या कर्जाचे हप्ते १९४७ पर्यंत चालले.

भरपाई घेणाऱ्यांत जॉन ग्लॅडस्टन होता, पुढं पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप. त्याला लाखाहून अधिक पौंड मिळाले. गुलाम सुटणार म्हटल्यावर यानं कलकत्त्याला पत्र धाडलं, मजूर पाठवा. ५ मे १८३८ ला ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं ब्रिटिश गयानाला लागली. ३९६ हिंदुस्थानी माणसं उतरली. त्यांत छोटा नागपूरचे आदिवासीही होते. करारावर अंगठा घेऊन गुलामांच्याच खोपटांत त्यांना घातलं. कन्हाय, कालीचरण ही नावं गयानात आली ती या वाटेनं.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामी मोडली त्यांना. आपल्या देशबंधूंनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. पुण्यात बसून एका माणसानं समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाचं दुःख आपल्या दुःखाला जोडलं, तेव्हा आपल्याकडच्या किती विद्वानांना ते सुचलं होतं? आज जोतीरावांचं ते बोट धरून पुढं जायचं, तर गुलामी मोडणाऱ्या गोऱ्यांबरोबर गुलामी भोगून बोललेल्या काळ्यांचीही ओळख करून घ्यावी लागेल. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव त्यांच्याकडून घेतलं. नाव घेतलं, त्यांची पुस्तकं किती वाचली?

त्या पोराला मी मेरीचं पुस्तक दिलंय. पुढच्या बैठकीत तो त्याचा मराठीत सारांश सांगणार आहे. त्याची आजी ऊसतोडीला जायची. तिची जबानीही उतरवून आण म्हणून मी त्याला सांगितलंय. एक अट घातलीय. आजी जे सांगेल ते सगळं लिहायचं. बापाला राग आला तरी, चळवळीला अडचण वाटली तरी. आणि वळ बघायला मागायचे नाहीत.